किप्पा : आज्ञा नाही, तरी डोक्यावर

आता आपण किप्पाकडे येऊ. ज्यू पुरुषांच्या डोक्यावरची ती छोटी, गोल टोपी तुम्ही फोटोत तरी नक्की पाहिली असेल. हिब्रूत किप्पा म्हणजे घुमट. यिडिश भाषेत तिलाच यार्मुल्का म्हणतात.

गंमत बघा, ही टोपी घालावी अशी आज्ञा तोरामध्ये, म्हणजे मोशेच्या पाच ग्रंथांत, कुठेच नाही. तिथे शिरोवस्त्र सांगितलंय ते पुरोहितांना, सामान्य माणसाला नाही. मग ही आली कुठून?

तालमुदमध्ये दोन आठवणी सापडतात. रव हुना नावाचे एक गुरू उघड्या डोक्याने चार हातसुद्धा चालत नसत. ईश्वराचं सान्निध्य आपल्या डोक्यावर आहे, अशी त्यांची भावना. दुसरीकडे एक आई मुलाला बजावते, डोकं झाकत जा, म्हणजे देवाची भीती तुझ्या मनात राहील. दोन्हीकडे मुद्दा एकच : आपल्यापेक्षा मोठं कोणीतरी वर आहे, याची आठवण. पुढे 16व्या शतकात योसेफ कारो यांनी ‘शुल्हान आरुख’ या आचारसंहितेत हा संकेत नोंदवला आणि काही जणांची ही निष्ठा सगळ्यांचा रिवाज बनत गेली.

आज टोपीवरून माणसाचा कलही कळतो. इस्राएलमध्ये काळी मखमली किप्पा बहुधा हरेदी, म्हणजे कर्मठ मंडळींची. विणलेली बहुधा धार्मिक झायोनिस्टांची. बुखारी ज्यूंची मोठी आणि भरतकाम केलेली असते.

पण जे ग्रंथात आज्ञा म्हणून नाही, ते सोडता येतं का? अमेरिकेच्या हवाई दलात सिम्खा गोल्डमन हे मानसशास्त्रज्ञ होते, रब्बीही होते. गणवेशावर किप्पा नको, असा त्यांना हुकूम झाला. ते कोर्टात गेले. 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी त्यांच्या विरोधात निकाल दिला. पुढच्याच वर्षी अमेरिकी संसदेने कायदा करून, नीटनेटकी आणि साधी धार्मिक वस्त्रं गणवेशासोबत चालतील, असं ठरवलं.

म्हणजे काय, तर रिवाजाचं वजन फक्त ग्रंथातल्या आज्ञेवरून मोजता येत नाही. शतकानुशतकं माणसं तो पाळत आली, यातूनही ते येतं.

आपल्याकडेही मुंबई-कोकणात बेने इस्राएलांची सिनेगॉग आहेत. तिथे गेलात, तर पुरुषांनी डोकं झाकायचं असतं, पाहुण्यांनीसुद्धा. तेव्हा ती टोपी कशासाठी, हे आता तुम्हाला ठाऊक आहे.