युद्धपटातलं हेल्मेट विकत घेताना

युद्धपटात वापरलेलं खरंखुरं लष्करी हेल्मेट आपल्या संग्रहात असावं, असं वाटत असेल तर आधी दोन प्रश्न वेगळे करावेत. हेल्मेट सैन्यासाठी, त्याच काळात बनलेलं आहे का? आणि ते त्या चित्रपटात खरोखर वापरलं गेलं का? पहिल्याचं उत्तर वस्तूतच सापडतं. दुसऱ्यासाठी कागद आणि चित्रफीत लागते. एकाचा पुरावा दुसऱ्यासाठी धरला, की फसगत होते.

उदाहरण म्हणून अमेरिकेचं एम-1 हेल्मेट घेऊ. ते 1941 मध्ये स्वीकारलं गेलं आणि दुसऱ्या महायुद्धात अशी दोन कोटींहून अधिक हेल्मेटं बनली. त्यामुळे खरी हेल्मेटं आजही मिळतात आणि चित्रपटवालेही तीच वापरतात.

पहिली पायरी, दोन्ही भाग सुटे करून पाहणं. बाहेर पोलादी कवच असतं आणि आत लायनर, म्हणजे डोक्यावर नीट बसण्यासाठीची हलकी, कडक टोपी. दोन्ही मिळून वजन साधारण 1.3 किलो भरतं. कवच युद्धकाळातलं आणि लायनर वीस वर्षांनंतरचं, अशी जोडी सर्रास विकली जाते. म्हणून दोन्हींचा काळ स्वतंत्रपणे ठरवावा.

दुसरी पायरी चुंबकाची. अमेरिकी कवच हॅडफील्ड पोलादाचं, म्हणजे सुमारे 12 टक्के मँगनीज असलेल्या पोलादाचं असतं. त्याच्या माथ्यावर चुंबक घट्ट बसत नाही. युद्धानंतर युरोपातल्या अनेक देशांनी याच घडणीची हेल्मेटं बनवली, त्यांतल्या बऱ्याच हेल्मेटांना चुंबक चटकन चिकटतो. चित्रपटांत हीसुद्धा भरपूर वापरली जातात. चाचणी कडेवर करू नये, कारण कडेची पट्टी वेगळ्या धातूची असू शकते.

तिसरी पायरी, खुणा वाचणं. कवचाच्या आत, पुढच्या कडेजवळ ठोकलेला आकडा शोधावा. हा हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या त्या तुकडीचा क्रमांक. त्याखाली इंग्रजी ‘एस’ असेल तर कवच श्लूटर कंपनीचं. बाकी युद्धकालीन कवचं डेट्रॉइटच्या मॅकॉर्डची. कडेच्या पट्टीचा सांधा सुरुवातीला पुढे असे, 1944 च्या उत्तरार्धात तो मागे गेला. हनुवटीचा पट्टा अडकवायच्या कड्या आधी पक्क्या जोडलेल्या होत्या. त्या तुटू लागल्या, म्हणून 1943 च्या अखेरीपासून हलत्या कड्या आल्या.

इथे एक चूक हमखास होते. सांधा पुढे दिसला, की आपण सगळंच जुनं मानतो. पण युद्धातली कवचं पुढे कोरिया आणि व्हिएतनामसाठी नवा रंग, नवे पट्टे लावून पुन्हा वापरली गेली. म्हणून पट्टा शिवलेला आहे की चापाने अडकवलेला, तेही पाहावं. चापाचा पट्टा बहुधा युद्धानंतरचा असतो.

चौथी पायरी रंगाची. चकाकी मारण्यासाठी युद्धकाळात रंगावर बुचाचा भुगा बसवत. चित्रीकरणासाठी मात्र हेल्मेट पुन्हा रंगवतात, त्यावर हुद्द्याच्या खुणा काढतात, मुद्दाम मळवतात. त्यामुळे नवा रंग दिसला म्हणून हेल्मेट खोटं ठरत नाही. उलट, खुणा आहेत म्हणून ते पडद्यावरचंही ठरत नाही. 1998 च्या ‘सेव्हिंग प्रायव्हेट रायन’मध्ये कॅप्टन मिलरच्या हेल्मेटवर मागे रेंजर तुकडीची केशरी चौकट आहे. अशी चौकट कुणीही कोणत्याही कवचावर रंगवू शकतो.

पाचवी पायरी पडद्याशी ताळा जमवण्याची. स्वच्छ प्रतीतलं दृश्य थांबवून हेल्मेटवरचे पोचे, रंगाचे उडालेले टवके आणि जाळीच्या गाठी एकेक करून जुळवाव्यात. निदान दोन-तीन ठळक खुणा जुळायला हव्यात. गर्दीतल्या नटाच्या हेल्मेटबाबत हे क्वचितच जमतं. साहसदृश्यांसाठी तर रबराच्या किंवा फायबरग्लासच्या हलक्या प्रती बनवतात. त्या चित्रपटाच्या अस्सल वस्तू असतात, पण लष्करी नव्हेत. किंमत देताना हा फरक ध्यानात ठेवावा.

सहावी पायरी कागदांची. हॉलिवूडमध्ये 1912 पासून असलेल्या वेस्टर्न कॉस्ट्यूमसारख्या कंपन्या वेशभूषा भाड्याने देतात, त्यामुळे एकच वस्तू अनेक चित्रपटांत फिरू शकते. आतली चिठ्ठी, साठ्याचा क्रमांक, लिलावाचं बिल आणि आधीच्या मालकांची सलग नोंद मागावी. नुसत्या प्रमाणपत्रावर विसंबू नये. सही करणाऱ्याचा त्या निर्मितीशी काय संबंध होता, हे विचारावं. परदेशातून मागवत असाल तर सीमाशुल्काचा खर्च आधीच धरावा.

शेवटची पायरी जपणुकीची. गंज दिसला की घासून नवा रंग द्यायचा मोह होतो. तो आवरावा, कारण ज्या टवक्यांवरून ओळख पटते तेच त्यात पुसले जातात. कोरड्या, मऊ ब्रशने धूळ झटकावी. आपल्याकडच्या पावसाळ्यात, विशेषतः मुंबई-कोकणात, प्लॅस्टिकच्या पिशवीत हेल्मेट बांधून ठेवू नये. आत ओल कोंडते आणि चामड्याला बुरशी धरते. हवेशीर कपाटात, सिलिका जेलच्या पुड्या ठेवून, उन्हापासून दूर ठेवावं.

घरी आणल्या दिवशीच सगळ्या बाजूंनी फोटो काढावेत आणि बिल, पत्रं, जुळवलेली दृश्यं यांची एक फाईल करावी. सिद्ध झालेलं आणि नुसतं ऐकलेलं त्यात वेगळं लिहावं. पुढे हेल्मेट ज्याच्या हाती जाईल, त्याला खरी माहिती मिळेल.