हद्दीत आलेला मतदार

अमरावती आणि अकोला या वऱ्हाडातील दोन मोठ्या शहरांच्या कडेला राहणाऱ्या मतदाराची नाराजी दुहेरी आहे: मुंबई-पुण्याच्या लेखी तो ‘वऱ्हाडी’ या ठरीव साच्यात बसतो, तर स्वतःच्या शहराच्या लेखी तो बडनेऱ्याचा किंवा उमरीचा, म्हणजे पुरता शहरीही नाही आणि खेडूतही नाही, असा ठरतो. निकाल लागला की हे दोन्ही साचे पुन्हा बाहेर निघतात आणि आपण कोणाला व का मत दिले याचे स्पष्टीकरण त्याला इतरांच्या तोंडून ऐकावे लागते.

यांपैकी पहिला साचा जुना असला तरी एकसंध नाही. कापसाच्या भरभराटीच्या काळात ‘सोन्याची कुऱ्हाड’ म्हणून ज्या प्रदेशाचा हेवा केला गेला, तोच पुढे आळशी आणि बेफिकीर माणसांचा म्हणून सांगितला जाऊ लागला, आणि जुलै २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी अमरावती, अकोल्यासह विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केल्यानंतर तर शेतकरी आत्महत्या हीच त्याची एकमेव ओळख होऊन बसली. ‘मले-तुले’, ‘काहून’ असे बोलणारे पात्र रंगमंचावर आले की प्रेक्षक वाक्य पुरे होण्याआधीच हसतो. ज्या अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर येथे तेराव्या शतकात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ हा मराठीतील आद्य गद्यग्रंथ सिद्ध केला, त्याच जिल्ह्यातील बोलीच्या वाट्याला हे यावे, ही गंमत फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही.

दुसरा साचा मात्र नकाशाने घडवला आहे. १९८३ मध्ये अमरावती महानगरपालिका स्थापन झाली तेव्हा स्वतःची नगरपालिका असलेले बडनेरा तिच्यात सामील झाले. मुंबई-हावडा लोहमार्गावरील जंक्शन बडनेऱ्याचे, अमरावतीचे स्थानक तेथून फुटणाऱ्या फाट्यावरचे, तरीही उपनगर म्हणवून घेण्याची पाळी बडनेऱ्यावर आली. अकोल्यात हाच प्रकार फार उशिरा आणि घाईने घडला. २०१६ च्या हद्दवाढीत, म्हणजे पालिकेची सीमा बाहेर सरकवून लगतची गावे तिच्यात घेण्याच्या प्रक्रियेत, मलकापूर, उमरी, शिवणी, खडकी अशी २४ गावे महानगरपालिकेत आली, आणि २०११ च्या जनगणनेनुसार सव्वाचार लाखांच्या आसपास असलेले शहर नव्या भागासह मोजल्यास सव्वापाच लाखांच्या पुढे गेले. शेतजमीन अकृषक करून पाडलेल्या ले-आऊटमध्ये प्लॉट घेऊन घर बांधलेला शिक्षक, बँकेतील कारकून किंवा मुलांच्या शिक्षणासाठी गाव सोडून आलेला शेतकरी हा या भागाचा नमुनेदार रहिवासी. काल ज्या सरपंचाच्या दारात त्याला थेट जाता येत होते, त्याच्या जागी आज चार नगरसेवक आले.

हे चार नगरसेवक बहुसदस्यीय प्रभाग पद्धतीचे फळ होत. या पद्धतीत एका मोठ्या प्रभागातून साधारणतः चार प्रतिनिधी निवडले जातात आणि मतदार प्रत्येक जागेसाठी एक, अशी चार मते देतो. प्रभाग मोठा असल्याने उमेदवाराच्या ओळखीपेक्षा पक्षाचे चिन्ह अधिक चालते, आणि नाली तुंबली की चौघांपैकी नेमके कोणाला धरावे हा प्रश्न पाच वर्षे सुटत नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये भारतीय जनता पक्षाने अकोल्यात ८० पैकी ४८ आणि अमरावतीत ८७ पैकी ४५ जागा जिंकल्या. या कौलातून पक्षाची लाट दिसली. नव्या हद्दीतील वस्त्यांना नळ हवा होता की रस्ता, हे दिसले नाही.

लोकसभेच्या निकालांचे वाचन याहून ढोबळ असते. २०२४ मध्ये अमरावतीत काँग्रेसचे बळवंत वानखडे यांनी भाजपच्या नवनीत राणा यांचा १९,७३१ मतांनी पराभव केला, आणि त्याच निवडणुकीत प्रहार पक्षाचे दिनेश बूब यांनी ८५ हजारांच्या आसपास मते घेतली. अकोल्यात भाजपचे अनुप धोत्रे सुमारे ४ लाख ५७ हजार मते घेऊन निवडून आले, काँग्रेसचे अभय पाटील ४०,६२६ मतांनी मागे राहिले, आणि १९९८ व १९९९ मध्ये येथून लोकसभेत गेलेले प्रकाश आंबेडकर पावणेतीन लाखांहून अधिक मते मिळवून तिसरे आले. सर्वाधिक मते मिळवणारा विजयी, मग ती निम्म्याहून कमी का असेनात, असा आपला नियम असल्याने तिरंगी लढतीत बहुसंख्य मतदार पराभूतांच्या बाजूचे निघू शकतात, आणि अकोल्यात तसेच झाले. तरीही ‘अकोला हा भाजपचा बालेकिल्ला’ हे वाक्य दूरचित्रवाणीवर जसेच्या तसे ऐकू येते, आणि अमरावती म्हटले की राणा दाम्पत्यापलीकडे राज्याला काही आठवत नाही.

अर्थात साचे वापरण्यात हा उपनगरवासीही मागे नसतो. आपल्याला कोणी जातीवरून ओळखले की त्याला राग येतो, पण जुन्या शहरातील मोहल्ल्याचे मतदान ‘गठ्ठा’ असते हे तो मतमोजणीआधीच सांगून मोकळा होतो. भाजपचे गोवर्धन शर्मा यांनी १९९५ पासून सलग राखलेला अकोला पश्चिम हा विधानसभा मतदारसंघ २०२४ मध्ये काँग्रेसचे साजिद खान पठाण यांनी अवघ्या १,२८३ मतांनी जिंकला, तेव्हा भाजपच्या बाजूची मते बंडखोरीने फोडली होती ही साधी बाब त्या गठ्ठ्याच्या चर्चेत झाकली गेली.

यात सर्वांत रास्त तक्रार हद्दींची आहे. विधानसभा व लोकसभा मतदारसंघांच्या सध्याच्या सीमा २००१ च्या जनगणनेवर आधारलेल्या असून २००८ मध्ये लागू झाल्या, त्यामुळे २०१६ मध्ये अकोल्यात आलेल्या गावांचा त्यांना पत्ताच नाही. बडनेरा मतदारसंघात तर शहराच्या काही भागाबरोबर भातकुली तालुक्याची गावेही येतात, आणि ले-आऊटमधील सांडपाणी व खारपाणपट्ट्यातील, म्हणजे खाऱ्या भूजलाच्या भागातील, पिण्याचे पाणी हे दोन निराळे प्रश्न एकाच आमदारापुढे मांडावे लागतात. त्यात मार्च २०२२ मध्ये दोन्ही महानगरपालिकांची मुदत संपल्यावर, इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद न्यायालयात असल्यामुळे, निवडणुका जवळजवळ चार वर्षे लांबल्या. या काळात नगरसेवकच नव्हते, कारभार प्रशासकाच्या म्हणजे शासकीय अधिकाऱ्याच्या हाती होता, आणि मालमत्ता कराची मागणी मात्र दरवर्षी वेळेवर येत होती.