शिवण कुठे सुटते

सकाळी ७.१५
पितृपक्ष चालू आहे. बल्लाळेश्वराच्या देवळाच्या वाटेवर गर्दी नाही. पापड-कुरडयांची दुकानं अजून बंदच आहेत. पालीतल्या या लहान वाचनालयाचं शटर ताई दोन्ही हातांनी वर ढकलतात. पावसाळ्यात ते गंजलंय. आत ओल्या कागदाचा वास भरलेला असतो. आधी खिडक्या, मग झाडू, मग कपाटांच्या दारांवरून कोरडं फडकं. कसर लागू नये म्हणून प्रत्येक खणात वेखंडाचा तुकडा आणि डांबरगोळ्या ठेवल्यात. वर्तमानपत्रांवर शिक्के मारून ती टेबलावर मांडली की पहिलं काम संपलं.

ताई पन्नाशीच्या आहेत. कागदोपत्री सहायक, पण शिपायाचंही काम त्यांचंच. मानधन महिन्याला साडेचार हजार, तेही दर महिन्याला हातात पडत नाही. अनुदानाचा हप्ता आला की एकदम मिळतं. तोवर वाण्याकडे वही चालते.

८.००
पेपरवाचक येतात. सगळे पुरुष, बहुतेक निवृत्त. पंखा लावा, पंखा बंद करा. खिडकीतून सरसगडाचा कातळ दिसतो. ढग वर सरकलेत, आज ऊन पडणार. ताईंना ऊन हवंय. पुस्तकबांधणीची खळ वाळते.

९.४०
आता बायका येऊ लागतात. घरचं आवरून, बाजाराची पिशवी घेऊन. एक वहिनी पोह्याचे पापड लाटायला जातात, किलोवर मजुरी. त्या पदराला हात पुसून मगच पुस्तक धरतात. त्यांना 'स्वामी' हवंय. पूर्वी वाचलेलं आहे.

“परत?” ताई विचारतात.

“अष्टविनायक केलं ना मे महिन्यात. थेऊरला गाडीवाला नुसती घाई करत होता. चिंतामणीचं दर्शन झालं, रमाबाईंचं वृंदावन बघायचं राहिलं. तेव्हापासून डोक्यात आहे.”

थोरले माधवराव पेशवे थेऊरच्या त्या देवळातच गेले, १८ नोव्हेंबर १७७२ला. क्षयानं. वय अवघं सत्तावीस. रमाबाई सती गेल्या. त्या दोघांवरची रणजित देसाईंची 'स्वामी' ही कादंबरी १९६२ची. १९६४चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला आणि पुढे दूरदर्शनवर मालिकाही झाली. पालीला येणारा अष्टविनायकाचा यात्रेकरू थेऊरलाही जातोच. इथल्या वाचकाला ही गोष्ट पुस्तकात भेटायच्या आधी रस्त्यात भेटलेली असते.

“प्रत शिवायला काढलीये,” ताई सांगतात. “परवा या. नाव लिहून ठेवते.”

वर्गणी महिना तीस रुपये. वहिनी दहाच्या तीन नोटा मोजून देतात.

११.१०
वाचनालय दुपारपुरतं बंद. ताई चार पुस्तकं पिशवीत घालून घरी निघतात. पुस्तकबांधणीचे पैसे वेगळे मिळतात, पुस्तकामागे साठ रुपये. त्यातला पुठ्ठा, दोरा, कापडी पट्टी आणि खळ त्यांचीच. हातात तीस-पस्तीस उरतात. पूर्वी बाहेरून बांधून आणत. येण्याजाण्याचं भाडंच परवडेना, म्हणून ताई शिकल्या.

दुपारी १२.३०
जेवण उरकलं. गॅसवर खळ. मैदा आधी गार पाण्यात कालवायचा, गुठळी राहता कामा नये, मग मंद आचेवर ढवळत राहायचं. चिमूटभर मोरचूद. त्यानं कीड लागत नाही. या खळीचं भांडं आणि पळी वेगळी. ती स्वयंपाकाच्या भांड्यांत मिसळत नाहीत. मोरचूद विषारी.

'स्वामी'चा जुना पुठ्ठा त्या हातानंच सोलतात. पाठीवरची वाळलेली खळ ओल्या फडक्यानं भिजवून सुरीनं खरवडायची. फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, सुटे होतात. प्रत्येक फर्मा घडीवर दाबून सरळ करायचा, आरीनं भोकं पाडायची, मेण लावलेला दोरा ओवायचा. सुई आत, बाहेर, पुढचा फर्मा. तर्जनीला दोऱ्याचा कायमचा चर पडलाय.

मी शेजारी बसून फर्मे हाती देतो. ताई मध्येच एक फर्मा उजेडाकडे धरतात.

“हे बघा.”

पानांच्या कडा काळवंडल्यात. खालच्या कोपऱ्यात हळदीचा अंगठा. एका पानावर तेल इतकं मुरलंय की पलीकडची अक्षरं दिसतात. हा माधवराव-रमाबाईंचा भाग. मग दुसरा फर्मा दाखवतात, स्वारीचा, दरबाराचा. पानं पिवळी, पण कडा स्वच्छ.

“सगळ्या प्रतींचं असंच. शिवण सुटते ती इथेच.”

कोण काय वाचतं हे कळायला याहून खरा पुरावा मला ठाऊक नाही. बखरींत आणि दफ्तरांत तह सापडतात, फौजांचे आकडे सापडतात, कर्ज सापडतं. दिवेलागणीला नवरा-बायको एकमेकांशी काय बोलले ते सापडत नाही. कादंबरीकार तिथे शिरतो. आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. पुष्कळ प्रेमकथा लग्नापाशी संपतात. ही लग्नानंतर सुरू होते. माधवराव-रमाबाईंचं लग्न थोरल्यांनी लावलेलं, दोघं लहान असताना. ओळख नंतर झाली, जीव नंतर लागला. पापड लाटणाऱ्या वहिनींचं लग्नही थोरल्यांनीच ठरवलेलं. त्यांना या गोष्टीत आपल्याला शिरण्याजोगं दार दिसतं.

मी ताईंना हे सांगतो. त्या दोरा दातानं तोडतात. “असेल. पण सती जायचं मला नाही आवडत. बऱ्याच जणी म्हणतात तसं. तरी शेवटपर्यंत वाचतात.”

२.४०
पाठीवर कापडी पट्टी, अस्तराचा कागद, नवा पुठ्ठा. वरून पाटा ठेवायचा. शिकंजा घ्यायला पैसे नाहीत, आणि पाटा चांगला जड आहे. उद्यापर्यंत हलवायचा नाही. नवी प्रत आणायची तर काही शे रुपये लागतात आणि खरेदीची रक्कम ठरलेली. साठ रुपयांत जुनी प्रत आणखी पाच-सात वर्षं फिरते.

४.३०
परत वाचनालय. कॉलेजचा एक मुलगा 'राऊ' मागतो. ना. सं. इनामदारांची ही कादंबरी १९७२ची. २०१५ साली तिच्यावरचा 'बाजीराव मस्तानी' आला तेव्हा ताईंना प्रतीक्षा यादी करावी लागली होती. अजूनही पोरं सिनेमा मोबाइलवर बघून येतात.

पुस्तकावरून टेबलाशी वाद सुरू होतो. निवृत्त गुरुजी म्हणतात, कादंबरीला इतिहास समजू नका. अंगणवाडीच्या एक ताई म्हणतात, मस्तानीचं सगळे लिहितात, काशीबाईंनी काय सोसलं ते कोण बघतो? मुलगा म्हणतो, बाजीरावांच्या भावानंच मस्तानीला कैदेत टाकलं, त्या चिमाजीचा राग येतो.

गुरुजी उठून त्याला विचारतात, “बल्लाळेश्वराच्या देवळातली मोठी घंटा पाहिलीस? ती चिमाजी अप्पांनी दिलेली. वसईची.”

मुलगा गप्प होतो. घंटा त्यानं लहानपणापासून वाजवलीय. पोर्तुगीजांकडून वसई घेतली मे १७३९मध्ये. बाजीराव नर्मदेकाठी रावेरखेडीला वारले २८ एप्रिल १७४०ला. मधल्या महिन्यांत मस्तानी पुण्यात कैदेत. घंटा देणारा आणि कैद करणारा माणूस एकच. गुरुजींचं बरोबर आहे, कादंबरी इतिहास नव्हे. पण कादंबरी हातात नसती तर या मुलाला चिमाजींचा राग आला नसता, आणि घंटा कोणाची हे त्याला कुणी सांगितलंही नसतं.

ताई वादात पडत नाहीत. कार्डावर तारीख मारतात. “पंधरा दिवस. उशीर झाला तर रोज एक रुपया.”

संध्याकाळी ७.३०
हिशेब. वर्गणीचे एकशे ऐंशी, दंडाचे अकरा. पावत्या लावून पैसे कुलुपात. शटर खाली.

७.५०
वाटेत एक घर. आजींना जिना उतरवत नाही, म्हणून ताई त्यांना पुस्तक पोचवतात. याचे पैसे नाहीत. कधी चहा, कधी आळवाची पानं. आज 'शिकस्त' आहे, इनामदारांचीच. पानिपतानंतरच्या पार्वतीबाईंची गोष्ट. त्यांचे पती सदाशिवरावभाऊ परत आले नाहीत, पण ते गेले हे पार्वतीबाईंनी मानलं नाही. १७६१पासून १७८३पर्यंत, स्वतःच्या मरणापर्यंत, त्या सवाष्णच राहिल्या.

“पेणची हो ती. कोल्हटकरांची,” आजी म्हणतात. आजींचं माहेरही पेणचं. पार्वतीबाईंची चौकशी त्या शेजारघरच्या मुलीसारखी करतात.

मागच्या खेपेचं पुस्तक त्या परत देतात. एक पान सुटलंय, ते घडी न घालता नीट आत ठेवलंय.

“दंड किती?”

“काही नाही. खळ उरलीय घरी.”

ताई पान बघून पुस्तक पिशवीत टाकतात आणि विचारतात, पुढच्या आठवड्यात काय आणू. आजी म्हणतात, “अक्षर मोठं असेल ते आण. आणि लढाया कमी.”