अटल सेतूवर ट्रक का चढत नाही?

आजचा भाग आकड्यांचा आहे. गाडी चालवताना ऐकला असेल, तर आता निवांत वाचा.

१२ जानेवारी २०२४ला अटल सेतूचं उद्घाटन झालं. शिवडी ते न्हावा शेवा, जवळपास २२ किलोमीटर. रोज ७० हजार गाड्या जातील असं तेव्हा सांगितलं जात होतं. पहिल्या वर्षात गेल्या साधारण ८३ लाख, म्हणजे रोज २३ हजारांच्या आसपास. बातम्या इथेच थांबल्या. मला मात्र पुढचा आकडा जास्त बोलका वाटतो. त्या ८३ लाखांत सुमारे ७७ लाख नुसत्या कार होत्या. मोठे ट्रक आणि बस मिळून जेमतेम पावणेपाच लाख.

आता टोल बघा. कारला एका फेरीचे २५० रुपये. दोन अ‍ॅक्सलचा ट्रक किंवा बस ८३०, तीन अ‍ॅक्सल ९०५, चार ते सहा अ‍ॅक्सल १३००. मी गुणाकार करून पाहिला. कारचे होतात १९३ कोटी, ट्रक-बसचे जवळपास ४९ कोटी. पास आणि रिटर्नची सूट धरली तर खरी वसुली यापेक्षा कमी भरेल, पण प्रमाण लक्षात घ्या: गाड्यांमध्ये सहा टक्के, पैशांत वीस टक्के. एक जड गाडी म्हणजे चार कार! पुलासाठी जपानच्या जायकाचं कर्ज आहे, आणि हप्ता गाड्यांनी नाही, रुपयांनी फिटतो.

अंदाज काढतात कसा? आधी जुन्या रस्त्यांवर गाड्या प्रकारानुसार मोजतात. मग ड्रायव्हरला थांबवून विचारतात, कुठून आलात, कुठे निघालात. मॉडेल पुढे ठरवतं की वाचणारा वेळ आणि डिझेल टोलपेक्षा महाग आहे का. कारमध्ये हा निर्णय चालवणारा तिथल्या तिथे घेतो. कंटाळा आला की २५० देऊन मोकळा. ट्रकचा निर्णय बहुतेक वेळा गाडीमालक घेतो, तोही अख्ख्या ट्रिपचा हिशोब मांडून.

आमच्या कोळवणातून तांदळाचा टेम्पो "मुंबईला" निघाला असं समजा. तो जातो वाशीच्या मार्केटला. धान्य, मसाला, कांदा-बटाट्याचे घाऊक बाजार केव्हाच खाडीच्या अलीकडे आले. त्याला सेतू लागतच नाही. जेएनपीटीच्या कंटेनरचंही तसंच. बंदर पुलाच्या टोकाशी आहे खरं, पण पुणे, नाशिक किंवा गुजरातला जाणारा कंटेनर शिवडीला कशाला जाईल? आणि ज्याला मुंबईतच जायचंय, त्याला पलीकडे ईस्टर्न फ्रीवे बंद. जड गाड्यांना शिवडीला उतरून बंदराच्या रस्त्याने जावं लागतं. पुलावर कमावलेली मिनिटं तिथे जातात. "कुठे निघालात" या प्रश्नाचं उत्तर नीट वापरलं, तर यातलं बरंचसं आधीच दिसतं.

असं जगभर होतं. स्टँडर्ड अँड पूअर्सने शंभराहून जास्त टोल प्रकल्प तपासले, तेव्हा पहिल्या वर्षाची रहदारी अंदाजापेक्षा सरासरी २३ टक्के कमी निघाली. कारपेक्षा ट्रकचे अंदाज जास्त बेभरवशाचे होते. आमच्या आयटीत प्रोजेक्टची डेडलाइन अशीच ठरते, तो भाग वेगळा.

सेतूच्या बाजूनेही थोडं बोलायला हवं. नवा रस्ता लोकांच्या सवयीत बसायला काही वर्षं जातात. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटनच ऑक्टोबर २०२५मध्ये झालं, म्हणजे ती गर्दी पहिल्या वर्षाच्या आकड्यात असणं शक्यच नव्हतं. पण विमानतळाने वाढतील त्या मुख्यतः कार आणि टॅक्सी.

म्हणून "रोज ७० हजार" असा एकच आकडा कुणी सांगितला, की मी विचारतो, त्यात चार ते सहा अ‍ॅक्सलवाले किती? चिर्ले ते पळस्पे जोडरस्ता झाला की एक्सप्रेसवेवरून थेट सेतूवर चढता येईल. पुण्याच्या कारवाल्यांची सोय होईलच. ट्रकमालक मात्र तेव्हाही आधी हेच बघेल, की शिवडीला उतरल्यावर पुढे रस्ता कुठला.