जुना माग, नवी जोडणी

तंत्रज्ञानाच्या चर्चेत भिवंडीचे नाव आज येते ते गोदामांमुळे. मानकोली, काल्हेर, पूर्णा या पट्ट्यात मोबाइल, लॅपटॉप, राउटर खोक्यांतून उतरतात आणि मुंबई-ठाण्याच्या घरांकडे रवाना होतात. पण यंत्र उघडून पाहणे, त्यात फेरफार करणे, बिघडले तर स्वतः दुरुस्त करणे यालाच तंत्राची आवड म्हणायचे, तर ती शोधायला शांतीनगर, नागाव, पद्मानगर इथल्या यंत्रमाग कारखान्यांत जावे लागेल. साध्या मागावर बसणारी छोटी उपकरणे भिवंडीला मोठ्या नव्या यंत्रांइतकीच मोलाची आहेत, आणि ती टिकायची तर त्यांच्याइतकाच खर्च ती सांभाळणाऱ्या मिस्तरीच्या शिक्षणावर व्हायला हवा.

ही उपकरणे काय करतात ते जवळून पाहण्याजोगे आहे. ताण्याच्या, म्हणजे उभ्या, प्रत्येक धाग्यावर पातळ पोलादी पट्टी अडकवलेली असते, तिला ड्रॉपर म्हणतात. धागा ताठ आहे तोवर पट्टी अधांतरी राहते. धागा तुटला की ती खालच्या विद्युत पट्टीवर पडते, मंडल पूर्ण होते आणि माग थांबतो. ही सोय नसेल तर विणकराची नजर पडेपर्यंत दोष कापडात विणला जातो. दुसरे उपकरण ताणा सोडण्याचे. साध्या मागात बीमवर, म्हणजे ताणा गुंडाळलेल्या रुळावर, दोर किंवा साखळी गुंडाळून वजने टांगतात. बीम रिकामा होत जातो तसा त्याचा व्यास घटतो आणि वजने हाताने सरकवावी लागतात. ते राहून गेले की कापड कुठे घट्ट, कुठे विरळ उतरते. सेमी-पॉझिटिव्ह लेट-ऑफ बसवले की ताण्याचा ताण पाहून दंतचक्रेच बीम हवा तेवढा फिरवतात.

अशी जोडकामे म्हणजे जुन्या यंत्राला मारलेली ठिगळे, असे वाटणे साहजिक आहे. मागाचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. एडमंड कार्टराइटने १७८५ मध्ये यंत्रमागाचे पेटंट घेतले, तरी तो सर्रास वापरात यायला काही दशके गेली. १८४०च्या दशकाच्या सुरुवातीला ब्लॅकबर्नच्या केनवर्दी आणि बुलो यांनी बाणा, म्हणजे आडवा धागा, तुटताच माग थांबवणारी योजना जोडली, आणि त्यातून लँकेशायर माग उभा राहिला. भिवंडीचा साधा माग त्याच घराण्यातला. जपानच्या साकिची टोयोडांनी १९२४ मध्ये धागा तुटताच थांबणारा, चालता चालता धोटा बदलणारा माग सिद्ध केला, आणि १९२९ मध्ये त्याचे हक्क इंग्लंडच्याच प्लॅट ब्रदर्सने विकत घेतले. माग घडत गेला तो अशा जोडण्यांतूनच.

केंद्र सरकारची पॉवरटेक्स इंडिया योजना १ एप्रिल २०१७ रोजी भिवंडीतून सुरू झाली. साधा माग जागेवरच सुधारण्यासाठी तिच्यात सर्वसाधारण प्रवर्गाला निम्मा खर्च, कमाल २०,००० रुपये, अनुदान होते. यावर पहिला आक्षेप असा की, रेपियर किंवा एअरजेट यांसारखे धोट्याविना चालणारे नवे माग कित्येक पट वेगाने विणत असताना जुन्यावर पैसा का घालावा? वेगाचा मुद्दा बिनतोड आहे. ज्याच्यापाशी भांडवल आणि स्वतःची जागा आहे त्याने ते माग जरूर घ्यावेत. पण भाड्याच्या गाळ्यात, व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीने विणणाऱ्या छोट्या मालकाला लाखोंचे कर्ज झेपत नाही. सुधारणा नाकारली तर त्याच्या हाती काहीच उरत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: माग आपोआप थांबू लागला की एकाच विणकराच्या माथी जास्त माग मारले जातील. ही भीती खरी आहे. म्हणून अशा अनुदानासोबत माग-संख्या आणि मजुरीचा करार हवा, आणि निर्दोष कापडाला व्यापाऱ्याने वाढीव दर द्यायला हवा. नाहीतर खर्च मालकाचा, ताण कामगाराचा आणि नफा तिसऱ्याचाच, अशी गत होईल.

उरतो मिस्तरी. वस्त्रोद्योग यंत्रांचे आयटीएमई प्रदर्शन २०१६ मध्ये मुंबईत भरले, २०२२ मध्ये ग्रेटर नोएडात. तिथला दिमाख यंत्र विकत घेणाऱ्यांसाठी असतो. ज्याच्या हाताने ड्रॉपर बसतो आणि तंतूंच्या कचऱ्याने, तेलाने माखला की साफ होतो, त्याला एक दिवसाची मजुरीही बुडवणे परवडत नाही. तेव्हा प्रदर्शनानेच त्याच्याकडे यायला हवे: भिवंडीत चालता जुना माग, त्यावर प्रत्येक उपकरण जोडून-सोडून पाहण्याची मुभा आणि शिकण्याच्या दिवसाचा पगार. अनुदानाने उपकरण दारात येते. ते पाचव्या वर्षीही चालू राहील की गंजून बाजूला पडेल, हे मिस्तरीच्या ज्ञानावर ठरते, आणि त्या ज्ञानासाठी तरतूद करणे हे सरकारचे आणि उद्योगाचे पहिले कर्तव्य आहे.