विमानं विकून उरलेली कंपनी

सप्टेंबर १९५० मध्ये लॉफ्टलेइदिर या आइसलंडच्या छोट्या विमान कंपनीचं एक विमान वात्नायोकुल हिमनदीवर कोसळलं. सहाही कर्मचारी वाचले. त्यांना आणायला गेलेलं अमेरिकी लष्कराचं स्कीवाल्या चाकांचं डकोटा मात्र बर्फात रुतलं आणि तिथंच सोडून द्यावं लागलं. पुढच्या वसंतात कंपनीच्या माणसांनी ते भंगाराच्या भावात विकत घेतलं, बर्फातून खणून काढलं आणि उडवत रेक्याविकला आणलं. ते विकून आलेल्या पैशांनी डबघाईला आलेली कंपनी तगली.

पुढे याच लॉफ्टलेइदिरने न्यूयॉर्क ते लक्झेंबर्ग असा अटलांटिकपारचा स्वस्त प्रवास सुरू केला. विमानं जुनी, संथ, वाटेत आइसलंडला थांबणारी. पण भाडं इतरांपेक्षा बरंच कमी. विद्यार्थी आणि हिप्पी तिच्यावर खूश होते. १९७३ मध्ये ती आणि फ्लुगफेलाग इसलांड्स ही जुनी विमान कंपनी एकत्र येऊन फ्लुग्लेइदिर झाली. जग तिला आइसलँडएअर म्हणून ओळखतं. तेव्हा तीन लाखांहूनही कमी वस्तीच्या बेटाची ही कंपनी केफ्लाविक विमानतळावर युरोप-अमेरिकेचे प्रवासी अदलाबदल करून पोट भरत होती. धंदा कष्टाचा, नफा बेताचा.

या शतकाच्या सुरुवातीला विमानसेवा उपकंपनीकडे देऊन वर एक धारक कंपनी ठेवली गेली. एरवी ही हिशेबाची सोय. पण त्यामुळे वरच्या मजल्यावर पत होती, रोकड होती, आणि उडवायला विमान नव्हतं. तिथं २००४ मध्ये अध्यक्ष म्हणून आले हान्नेस स्मारासॉन. एमआयटीत शिकलेले, मॅकिन्झीत सल्लागार म्हणून घडलेले, मग डीकोड जेनेटिक्स या कंपनीत वरच्या पदावर राहिलेले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कंपनीने ब्रिटनच्या ईझीजेट या विमानसेवेचे शेअर घ्यायला सुरुवात केली. हा हिस्सा पुढे जवळपास १७ टक्क्यांवर गेला आणि एप्रिल २००६ मध्ये घसघशीत नफ्याने विकला गेला. एका सौद्यात एवढा पैसा मिळतो म्हटल्यावर तिकिटं विकणं कुणालाही कंटाळवाणं वाटेल.

२००५ च्या मार्चमध्ये नाव बदलून एफएल ग्रुप झालं. उन्हाळ्यात काही संचालक बाहेर पडले. नव्या मुख्य कार्यकारी राग्नहिल्दुर गेइर्सदोत्तिर काही महिन्यांतच गेल्या आणि ऑक्टोबरात हान्नेस स्वतः त्या खुर्चीवर बसले.

याच महिन्यात डेन्मार्कची स्टर्लिंग ही स्वस्त विमानसेवा एफएलने दीड अब्ज डॅनिश क्रोनांना घेतली. विकणारी होती फोन्स ही आइसलंडचीच गुंतवणूक कंपनी. तिने स्टर्लिंग त्याच वर्षी, याच्या अंशमात्र किमतीत मिळवली होती. वर्षभराने, डिसेंबर २००६ मध्ये, एफएलने स्टर्लिंग २० अब्ज आइसलँडिक क्रोनांना विकली. घेतली होती सुमारे १५ अब्जांना. आता घेणारी कंपनी होती नॉर्दर्न ट्रॅव्हल होल्डिंग. तिचे मालक कोण? पुन्हा फोन्स, एक तिसरा भागीदार आणि सुमारे एक तृतीयांश हिश्शाची स्वतः एफएल! विमानं तीच, तोटाही जुनाच. किंमत मात्र प्रत्येक हातबदलात वाढत गेली. ऑक्टोबर २००८ च्या अखेरीस स्टर्लिंगने दिवाळखोरी जाहीर केली तेव्हा प्रवासी ठिकठिकाणी अडकून पडले.

मूळ आइसलँडएअर २००६ च्या अखेरीस विकून शेअर बाजारात स्वतंत्र नोंदवली गेली. त्या वर्षी एफएलने सुमारे ४५ अब्ज क्रोनांचा नफा दाखवला. हाती आता ग्लिटनिर बँकेचा मोठा हिस्सा, फिनएअर, जर्मनीची कॉमर्झबँक, बँग अँड ओलुफसेन, बीअर, शीतपेयं, विमा. आणि अमेरिकन एअरलाइन्सची पालक कंपनी एएमआर, तिचे ९ टक्क्यांच्या आसपास शेअर. सप्टेंबर २००७ मध्ये एफएलने एएमआरच्या संचालकांना जाहीर सल्ला दिला: वारंवार प्रवास करणाऱ्यांसाठीची सवलत योजना वेगळी काढा, भागधारकांचं भलं होईल. स्वतःची विमानसेवा विकून मोकळ्या झालेल्या कंपनीने जगातल्या एका बलाढ्य विमानसेवेला धंदा शिकवावा, यात मला त्या काळाचा सगळा माज दिसतो.

दोनच महिन्यांनी एएमआरचे बहुतेक शेअर तोट्यात विकावे लागले. कारण सोपं होतं. शेअर घ्यायचे ते कर्ज काढून, आणि तारण शेअरचंच. भाव चढताना पत वाढते, आणखी कर्ज मिळतं. भाव उतरला की बँक आणखी तारण मागते आणि पडत्या बाजारात विकण्यावाचून गत्यंतर राहत नाही. विमानसेवेकडे निदान रोजच्या तिकिटांचा गल्ला असतो. एफएलने तोच विकून टाकला होता. डिसेंबर २००७ मध्ये हान्नेस पायउतार झाले. योन आउसगेइर योहान्नेसॉन यांच्या बौगुर समूहाने आपली स्थावर मालमत्ता देऊन बदल्यात नवे शेअर घेतले, म्हणून कंपनी उभी राहिली. वर्षाचा तोटा निघाला ६७ अब्ज क्रोना.

२००८ च्या उन्हाळ्यात स्तोदिर हे नवं नाव आलं. २९ सप्टेंबरला सरकारने ६० कोटी युरोंच्या बदल्यात ग्लिटनिरचा ७५ टक्के हिस्सा घेण्याची घोषणा केली. जुन्या भागधारकांची मालकी एका दिवसात पाव हिश्शावर आली आणि स्तोदिरने त्याच दिवशी न्यायालयाकडे धनकोंपासून संरक्षण मागितलं. सुमारे आठवडाभरात बँकच कोसळली आणि तो पाव हिस्साही मातीमोल झाला.

बँका कोसळल्या त्याच्या चौकशीसाठी संसदेने नेमलेल्या समितीचा दोन हजारांहून जास्त पानांचा अहवाल एप्रिल २०१० मध्ये आला. रेक्याविकच्या नाट्यगृहात नटांनी तो रात्रंदिवस पाळीपाळीने वाचून दाखवला. आइसलंडच्या तिन्ही मोठ्या बँकांच्या बड्या मालकांना आपल्याच बँकांतून अवाजवी सहज कर्जं मिळत होती, असा त्याचा एक ठळक निष्कर्ष. हान्नेस यांच्यावर २००५ मधल्या एका आर्थिक व्यवहारावरून खटला चालला. २०१५ मध्ये रेक्याविकच्या जिल्हा न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवलं.

स्तोदिर मात्र मेली नाही. ती धनकोंच्या ताब्यात गेली आणि तिच्या हाती उरलेल्या चीजवस्तूंत होता रेफ्रेस्को या कंपनीचा हिस्सा. रेफ्रेस्को म्हणजे दुसऱ्यांच्या नावाने फळांचे रस आणि शीतपेयं बाटल्यांत भरून देणारा नेदरलंडचा उद्योग.  पुढे तो हिस्साच विकून पैसा उभा राहिला आणि स्तोदिरने आइसलंडमध्येच बँक, दूरध्वनी, विमा अशा घरच्या कंपन्यांत गुंतवणूक केली.