गोफणगुंडा आणि तीन मिनिटं

सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर नळदुर्ग, उमरगा मागे टाकताना डोक्यावरही एक वाट असते, हे सहसा कुणाच्या गावी नसतं. हैदराबादला टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं बलून केंद्र आहे. हिवाळा-उन्हाळ्यात तिथून हायड्रोजन भरलेले अजस्र फुगे सोडतात. व्यास 50 ते 85 मीटर, उंची 30 ते 42 किलोमीटर. काम संपलं की उपकरणांची पेटी रंगीत पॅराशूटने खाली येते. ती कुठे उतरू शकेल हे सांगणाऱ्या जाहीर सूचनेतल्या जिल्ह्यांमध्ये बीड, लातूर, सोलापूरसोबत उस्मानाबाद, म्हणजे आपला धाराशिवही असतो.

डिसेंबर 2022 मध्ये याच केंद्रातून हेलो स्पेस या स्पॅनिश कंपनीची रिकामी प्रवासी कुपी 37 किलोमीटरवर गेली आणि तेलंगणात विकाराबाद जिल्ह्यातल्या एका शेतात उतरली. बघायला अख्खं गाव लोटलं. ती चाचणी पर्यटनासाठी होती. पण असं उंच नेऊन खाली आणण्याच्या धंद्यात पर्यटकाखेरीज दुसरं गिऱ्हाईक कोण?

फुगा चाळीसेक किलोमीटरला थकतो. उपग्रह दीडशे-दोनशे किलोमीटरच्या खाली फार काळ टिकत नाही. मधल्या पट्ट्यात थेट मोजमाप करायचं तर उपकक्षीय रॉकेट लागतं. ज्वारीवरची पाखरं हाकलताना गोफणीतून सुटलेला गुंडा जसा वर जातो आणि खाली येतो, तसंच हे. पृथ्वीला फेरी नाही. 21 नोव्हेंबर 1963 ला केरळातल्या थुंब्याहून उडालेलं भारतातलं पहिलं रॉकेट याच जातीचं. ती जागा निवडण्यात कोल्हापूरचे शास्त्रज्ञ एकनाथ चिटणीस होते.

इंजिन बंद होऊन हवा विरळ झाली की गुंड्यातलं सगळं वजनरहित होतं. खरा माल हाच. उंच मनोऱ्यातून वस्तू सोडली तर काही सेकंद मिळतात, विमानाने सूर मारला तर वीस-बावीस सेकंद, उपकक्षीय यानात तीनेक मिनिटं. ज्योत गुरुत्वाशिवाय कशी जळते किंवा टाकीतलं इंधन कसं हेलकावतं, हे बघायला तेवढी पुरतात. अवकाश स्थानकाची वर्षानुवर्षं वाट बघावी लागत नाही.

ब्लू ओरिजिन या अमेरिकी कंपनीने 4 फेब्रुवारी 2025 ला केलेलं उड्डाण मला फार आवडलं. कुपीत माणूस एकही नाही, 30 प्रयोग. वर पोहोचल्यावर कुपी मिनिटाला 11 फेऱ्यांनी गरगर फिरवली आणि सुमारे दोन मिनिटं आत चंद्रावर असतं तितकं वजन तयार केलं. चंद्रावर धूळ कशी वागेल, यंत्र चालेल का, हे तिथे न जाताच तपासता आलं. व्हर्जिन गॅलॅक्टिक या दुसऱ्या कंपनीचं पहिलं व्यावसायिक उड्डाणही, जून 2023 मधलं, हौशी श्रीमंतांचं नव्हतं. इटलीच्या हवाई दलाने आणि संशोधन परिषदेने ते घेतलं होतं.

आपल्याकडे हैदराबादच्या स्कायरूट कंपनीचं विक्रम-एस रॉकेट 18 नोव्हेंबर 2022 ला 89.5 किलोमीटरवर पोहोचलं. आत तीन गिऱ्हाइकांची उपकरणं होती, पण मोठा हेतू स्वतःच्याच पुढच्या रॉकेटची तंत्रं तपासण्याचा. त्याआधी कंपनीच्या एका घन इंधन मोटरची चाचणी नागपूरला सोलर इंडस्ट्रीजमध्ये झाली होती.

मुंबईहून अमेरिकेला तासाभरात रॉकेटने जायच्या गप्पा मात्र मी बाजूला ठेवतो. तेवढं अंतर कापायचं तर वेग जवळजवळ कक्षेत जाण्याइतकाच लागतो. शंभर किलोमीटर वर उडी मारणाऱ्या यानाचं ते काम नव्हे. पर्यटक सोडले तर या बाजाराचं गिऱ्हाईक प्रयोगशाळा, हवाई दल आणि सरकारी अवकाश संस्था. पैसाही बहुतेक सरकारचाच.

आता पुन्हा त्या फुग्यांकडे. कधी हरभऱ्याच्या रानात रंगीत पॅराशूट, लांब दोरी आणि पेटी दिसली, तर उघडू नका, हलवू नका. काही उपकरणांत उच्च दाबाची वीज असते. पेटीवर पत्ता आणि फोन नंबर असतो. त्यावर कळवा, नाहीतर जवळच्या पोलीस ठाण्यात सांगा. कळवणाऱ्याला बक्षीस आणि खर्च देतात.